स्लॅशने खाल्लेले दोन दिवस

वेबकडे येण्याआधी मी झॅमलमध्ये (XAML, टॅगांनी स्क्रीन मांडायची मायक्रोसॉफ्टची भाषा) डेस्कटॉपचे स्क्रीन बनवायचे. टॅग, अ‍ॅट्रिब्यूट, नेस्टिंग सगळं हातातलं. एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची टॅगांची भाषा, शनिवार-रविवारात उरकेल असं वाटलं होतं. नाही उरकलं.

पहिल्याच आठवड्यात कोरं पान. हेडमध्ये स्क्रिप्टचा टॅग लिहिला होता आणि झॅमलच्या सवयीने शेवटी स्लॅश मारून तिथल्या तिथे बंद केला होता. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, जिथे चुका दिसतात, एकही लाल ओळ नाही. फाइलचा पाथ तपासला, कॅश साफ केली, ब्राउझर बदलला. सीनियर म्हणाले, "टॅग सगळीकडे सारखेच गं, दुसरीकडे शोध." दोन दिवस दुसरीकडे शोधलं! (न बघता सांगणाऱ्या सीनियरपेक्षा सीनियर नसलेला बरा.) शेवटी इन्स्पेक्टर (ब्राउझरने पान कसं वाचलं ते दाखवणारी खिडकी) उघडला, तर माझं हेडिंग, फॉर्म, बटणं, अख्खं पान स्क्रिप्टच्या पोटात साधा मजकूर होऊन पडलेलं.

एचटीएमएलचा पार्सर, म्हणजे ब्राउझरमधला फाइल वाचणारा भाग, तो स्लॅश सोडून देतो. त्याच्या लेखी स्क्रिप्ट उघडीच, आणि बंद करणारा टॅग सापडेपर्यंत पुढचं सगळं तिच्यातच जातं. डिव्हलाही (पानावरचा साधा डबा) स्लॅश मारून बघा: तो बंद होत नाही, खालची भावंडं त्याची मुलं होतात, लेआउट वाकडा होतो आणि शिव्या सीएसएसला (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेला) बसतात. इमेज, इनपुट, बीआर यांना स्लॅश चालतो, कारण ती व्हॉइड एलिमेंट्स. त्यांच्या आत काही जातच नाही, त्यामुळे स्लॅश असला काय, नसला काय.

म्हणून 'टॅग' आणि 'एलिमेंट' वेगळे धरा, हा शब्दांचा कीस नाही. टॅग तुम्ही लिहिता, एलिमेंट पार्सर बनवतो. टेबलात टीबॉडी (ओळींना वेढणारा टॅग) न लिहिता थेट ओळी लिहा आणि इन्स्पेक्टर उघडा. न लिहिलेला टीबॉडी तिथे हजर असतो.

या घोळात तुम्ही एकटे नाही. 1998 मध्ये एक्सएमएल आलं, जिथे स्लॅश टॅग खरंच बंद करतो; 2000 मध्ये एक्सएचटीएमएल 1.0, म्हणजे एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेलं एचटीएमएल. पण इंटरनेट एक्सप्लोरर 9 येईपर्यंत त्या ब्राउझरला एक्सएचटीएमएल एक्सएमएल म्हणून वाचताच येत नव्हतं, म्हणून पानं साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवली जायची. लिहिणारा एका भाषेत, वाचणारा दुसऱ्या. एक्सएचटीएमएल 2 गुंडाळायचं 2009 मध्ये ठरलं. स्लॅशची सवय मात्र उरली. 2013 मध्ये जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच टॅग लिहायची पद्धत) आलं, तिथे स्लॅश पुन्हा खराखुरा टॅग बंद करतो. दिसायला ते एचटीएमएल, पण ब्राउझरपर्यंत पोचतं ते जावास्क्रिप्ट होऊन. तिथला तुकडा एचटीएमएलच्या फाइलीत चिकटवलात की संपलं.

1986 चं एसजीएमएल (या सगळ्या टॅगवाल्या भाषांचं मूळ) वगैरे इतिहास पाठ करत बसू नका, त्यावाचून कुणाचं अडत नाही. समोरची फाइल कोणता पार्सर वाचणार, एवढं आधी विचारा. आणि व्हॅलिडेटर, म्हणजे एचटीएमएलमधल्या चुका शोधणारं साधन, वापरा. माझी चूक त्याने ओळीच्या नंबरासकट दाखवली असती, पण तो शिकाऊ लोकांसाठी असतो अशी माझी समजूत होती.