अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) घेताना वॅट नंतर बघा, आधी ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) बघा

बॉक्सवर मोठ्ठा आकडा छापलेला असतो ना १००० वॅट वगैरे, तो बहुतेक वेळा पीक पॉवरचा, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या ताकदीचा असतो, त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करा आणि आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते शोधा, स्पीकरचा पण आरएमएस आणि अँपचा पण, आणि अँपचा आकडा किती ओहमला दिलाय ते तर बघाच.

सबवूफरमध्ये, म्हणजे खोल बेसच्या स्पीकरमध्ये, खरी गडबड होते. ड्युअल व्हॉइस कॉइलवाला सब असेल, म्हणजे आत ४-४ ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी), तर पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात आणि सिरीजमध्ये ८. आता अँप ब्रिज करून, म्हणजे त्याचे दोन चॅनल जोडून एक करून, चालवणार असाल आणि ब्रिजला त्याची लिमिट कमीत कमी ४ ओहम असेल तर २ ओहमचा लोड लावला की तो तापणार, प्रोटेक्शनमध्ये जाणार (स्वतःला वाचवायला बंद पडणार), नाहीतर थेट उडणार. जोडायच्या आधी वायरच्या टोकांना मल्टिमीटर लावून बघा, ४ ओहमची कॉइल साधारण साडेतीनच्या आसपास दाखवते, घाबरू नका, ते नॉर्मल आहे.

आणि हो, कमी वॅटचा अँप म्हणजे सेफ असं काही नसतं. छोटा अँप फुल पिळला की क्लिप होतो, म्हणजे आवाजाची लहर वरून-खालून कापली जाते, आणि पहिला ट्विटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) जातो. त्यापेक्षा अँप थोडा जास्त ताकदीचा घ्या आणि गेन (येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायचं बटण) आवरून ठेवा, गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे हे बऱ्याच जणांना पटतच नाही. सबचा लो पास (वरचे आवाज अडवून फक्त बेस जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झपासून सुरू करून मग कानाने ॲडजस्ट करा.