डोळे तपासायला शिकवणारी रील काढताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडलेली चूक माझ्याच रीलमधली, तेव्हा आधी तीच. आरएपीडीची (एका डोळ्याकडून मेंदूकडे प्रकाशाचा संदेश दुसऱ्यापेक्षा कमी जातो, त्या दोषाची) तपासणी: टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यायची आणि बाहुल्या बघायच्या. एडिटिंग करणारा पोरगा म्हणाला, "सर, मधे काहीच होत नाहीये, उडवतो." मीही हो म्हटलं. त्याने उडवले ते प्रत्येक डोळ्यावर थांबायचे दोन-तीन सेकंद. तपासणी असते ती तेवढ्यातच.

महिनाभराने ओपीडीत पाहतो तर एक इंटर्न आरती ओवाळावी तशी टॉर्च फिरवतेय. समोर काटोलकडच्या आजी. "काहून वं बाई, डोयात बॅटरी मारून राहिली?" कागदावर शेरा: बाहुल्या नॉर्मल, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. बाहुली मोठी करायचा थेंब हातात तयार. मी थांबवलं. कूलरच्या खिडकीतून ऊन येत होतं, तिथे पडदा ओढला, आजींना लांबच्या भिंतीकडे बघायला लावलं (जवळ बघितलं की बाहुली तशीही आकसते) आणि तीन-तीन सेकंद प्रकाश धरला. उजव्यावर टॉर्च आली की बाहुली आकसायच्या ऐवजी पसरायची. नुसत्या मोतीबिंदूने असं होत नाही, दुखणं डोळ्याच्या नर्व्हचं होतं. थेंब पडला असता तर हेही कळलं नसतं. पोरीने गुपचूप मोबाइल काढून माझीच रील दाखवली.

आता मी कॅमेऱ्यासमोर मोठ्याने मोजतो: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. कंटाळा येतो? येऊ द्या.

मोबाइलचा ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप कमी-जास्त करणं) बंद करा. टॉर्च आली की कॅमेरा स्वतःच चित्र काळं करतो, आणि आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यात बाहुली कुठे संपते तेच दिसत नाही. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये लॉक होतो.

सेल्फी कॅमेरा उजव्याचा डावा करू शकतो. मी पेशंटच्या उजव्या कपाळावर चिकटपट्टी लावून 'उ' लिहितो. अक्षर उलटं दिसलं की रील परत.

निस्टॅग्मसचा (डोळे आपोआप हलत राहतात त्याचा) व्हिडिओ दीडपट वेगाने? कृपा करा.

ऑफ्थाल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं उपकरण) थेट नाकाला नाक लावून सुरू करू नका. आधी हातभर अंतरावरून बाहुलीतली लाल चमक दाखवा, मग जवळ जा. पेशंटचा उजवा डोळा तुमच्या उजव्या डोळ्याने. 'तीस सेकंदांत फंडस' (डोळ्याचा आतला मागचा भाग) म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

आणि परवानगी लेखी घ्या. "शिकवायला व्हिडिओ काढतो" एवढं सांगून भागत नाही. "हा तुमच्या गावातल्या मोबाइलवरही दिसेल" असं सांगा. बरेच जण तिथेच नाही म्हणतात.