बारावीचा हिशोब दहावीतच सुरू होतो

अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही आमच्या डोक्यातलं वेळापत्रक आपल्याकडचंच राहिलं: मूल बारावीला गेलं की घर जागं होतं. थोरलीच्या वेळी तसंच झालं. कॉलेजांची यादी, निबंध, शिफारसपत्रं हे सगळं तिनं वेळेत उरकलं. फसलो आम्ही दोघं, पैशांच्या बाजूनं.

फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरायचा बारावीत. पण उत्पन्न विचारतात दोन वर्षं मागचं. २०२६च्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणार असेल तर हिशोब २०२४च्या टॅक्स रिटर्नवरून. मूल तेव्हा दहावी संपवून अकरावीत जात असतं, आणि मदतीचा विचार कोणाच्या गावीही नसतो. आम्ही नेमके त्याच वर्षी शेअर विकून जुनं कर्ज फेडलं. पैसे आले तसे गेले, रिटर्नवर मात्र नफा उत्पन्न म्हणून उमटला. त्यामुळे एसएआय फुगला. कुटुंबाची ऐपत मोजणारा हा आकडा. २०२४-२५ पासून तो ईएफसी या जुन्या आकड्याच्या जागी आला. तीच विक्री वर्षभर आधी केली असती तर बिघडलं नसतं.

दुसरी चूक प्रेमापोटी झालेली. आजी-आजोबांनी वाढदिवसांना दिलेले पैसे आम्ही लेकीच्याच नावावर साठवले. फाफ्सात मुलांच्या नावावरच्या पैशाचे २० टक्के खर्चाला उपलब्ध धरतात, आई-वडिलांच्या शिलकीचे जास्तीत जास्त ५.६४ टक्के. ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं, आई-वडिलांच्या बाजूला मोजतात, म्हणजे तिथे ठेवले असते तर निभावलं असतं. राहतं घर आणि निवृत्तीची खाती फाफ्सा धरत नाही; भारतातला रिकामा फ्लॅट मात्र दाखवावाच लागतो. बरीच खासगी कॉलेजं शिवाय सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा अर्ज मागतात, आणि त्यात राहत्या घराचीही चौकशी होते.

व्हिसाबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगते. मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवर असेल तर आई-वडील एच-१बीवर असले तरी चालतं. मूलच एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असेल तर सरकारी मदत नाही. मग कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून काही देतं का, ते एकेका कॉलेजला विचारायचं.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच आवडत्या कॉलेजला लवकर अर्ज करण्याचा, मोह आम्हालाही झाला होता. तिथे प्रवेश मिळाला की जायचं बंधन, म्हणजे चार कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची सोय नाही. त्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरून बघा. ते मूल दहावीत असतानाही भरता येतं. छापील फी आणि तुमच्या वाट्याला येणारा खर्च यात किती अंतर असतं ते बघून आमचे डोळेच उघडले.

शेवटी आम्ही दोन कॉलेजांच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या कार्यालयाला, पत्र लिहिलं: नफा एकदाचाच होता, हे कर्जफेडीचे कागद. एकानं मदत थोडी वाढवली, दुसऱ्यानं गोड शब्दांत नकार दिला. पत्र लिहायला लाजू नका, असे अर्ज त्यांच्याकडे येतच असतात.

धाकटा आता नववीत आहे. विकायचं ते त्याच्या दहावीतल्या डिसेंबरच्या आत विकायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. नवरा म्हणतो, बाजार वर असेल तर बघू.