तपस्तब्धी आणि जेट वारे : वरच्या हवेचे नकाशे वाचताना या चुका टाळा

हरभरा आणि गहू काढणीला आलेला असताना गारपिटीचा इशारा आला, की विदर्भातील गावागावांत आता मोबाइलवर वरच्या हवेचे नकाशे उघडले जातात. ते वाचताना सर्वांत मोठी चूक होते ती तपस्तब्धीविषयी, म्हणजे तपांबर (वातावरणाचा सर्वांत खालचा थर) जिथे संपते त्या सीमेविषयी. ती घराच्या स्लॅबसारखी सपाट आहे, असे आपण धरून चालतो. शाळेतील आकृतीही तशीच असते. वस्तुतः उष्ण कटिबंधात ही सीमा 16 ते 18 किलोमीटर उंचीवर, तर ध्रुवांकडे 8 ते 9 किलोमीटरवर असते, आणि साधारण 30 अक्षांशाजवळ ती एकाएकी खाली उतरते. हिवाळ्यातील पश्चिमी जेट वारा, म्हणजे पश्चिमेकडून वाहणारा अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, सुमारे 12 किलोमीटर उंचीवर, याच पायरीजवळ वाहतो.

मात्र या पायरीमुळेच जेट निर्माण होतो, असे समजणेही चूक आहे. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा तपस्तब्धीखाली पसरत उत्तरेकडे जाते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तिला पूर्वेकडे वेग मिळतो. शिवाय दक्षिणेकडील उष्ण आणि उत्तरेकडील थंड हवेतील तापमानाच्या फरकामुळे पश्चिमी वारा उंचीबरोबर वाढत जातो. तपस्तब्धीच्या वर हा फरक उलटा होतो, कारण तेथे उष्ण कटिबंधाची हवाच अधिक थंड असते, आणि वारा मंदावतो. म्हणून जेटचा गाभा तपस्तब्धीच्या आसपास सापडतो.

जुलैमध्ये 200 हेक्टोपास्कलचाच (हे हवेच्या दाबाचे एकक; दाब जितका कमी तितकी उंची जास्त, 200 म्हणजे सुमारे 12 किलोमीटर) नकाशा पाहत बसणे निरर्थक आहे. तेव्हा पश्चिमी जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकलेला असतो आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा जेट असतो, ज्याचे वर्णन पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये केले; त्यासाठी 100 ते 150 हेक्टोपास्कलचा नकाशा पाहावा.

नागपूरहून सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्याचा तापमान-आलेख वाचणाऱ्यांनी सर्वांत थंड बिंदूलाच तपस्तब्धी ठरवू नये. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार, जिथून तापमान घटण्याचा दर किलोमीटरला 2 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी होतो आणि वरच्या 2 किलोमीटरपर्यंत सरासरी तसाच राहतो, ती सर्वांत खालची पातळी धरावी. जेटजवळ अशा दोन तपस्तब्धी दिसू शकतात. तो आलेखातील दोष नव्हे.

डोक्यावर जेट आहे म्हणून गारपीट होईलच, असेही नाही. बंगालच्या उपसागरावरून येणारा ओलावा खालच्या थरात आहे का, हे 850 हेक्टोपास्कलच्या नकाशात आधी पाहावे.