दोघांच्या कॅम्पिंगमध्ये एकजण आजारी पडला तर

मुंबईहून तंबू घेऊन भंडारदऱ्याला निघालेल्या जोडप्यात एकजण आडवा झाला, की गाडी, चूल, सामान आणि शुश्रूषा ही सगळी कामं दुसऱ्याच्या अंगावर येतात. चौघांच्या गटात ती वाटून घेता येतात, दोघांत नाही. म्हणून निघण्याआधीच ठरवून टाका: दुपारी चारपर्यंत उलट्या, जुलाब किंवा ताप उतरणीला लागला नाही, तर ती रात्र तंबूत काढायची नाही. लॉज गाठायचा नाहीतर दवाखाना. आजारी माणूस ‘मला बरं वाटतंय, तुझी सुट्टी कशाला घालवू’ म्हणणारच, तेव्हा हा निर्णय त्याच्यावर सोडू नका. अंधारात, दहिवरानं भिजलेला तंबू एकट्यानं सोडवायचा आणि आत कुणीतरी कण्हतंय, अशी वेळ येऊच देऊ नये.

दोघांनाही तीच गाडी चालवता यायला हवी. लायसन्स पाकिटात आहे, पण वर्षभर स्टिअरिंगला हात लावलेला नाही, अशा माणसाच्या हाती कसारा घाट देता येत नाही. आधीच्या रविवारी सकाळी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाडी थांबवून हँडब्रेकवर पुन्हा उचलण्याचा सराव करा.

औषधांचा डबा डिकीच्या तळाशी नको, सीटखाली हवा. त्यात ओआरएसची मोठी सहा पाकिटं, पॅरासिटामॉल, डिजिटल थर्मामीटर, साबणाची वडी, काळ्या कचरापिशव्या आणि दोघांच्या नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. गाडी लागणाऱ्यांसाठी प्रोमेथाझिनची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिनं झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये.

प्रवासात सर्वाधिक त्रास पोटाचा होतो, आणि ओआरएस चुकीचं बनवल्यानं तो वाढतो. पाकिटावरचं प्रमाण वाचा: २१ ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, ४ ग्रॅमच्या आसपासचं छोटं २०० मिलीसाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर द्रावण इतकं दाट होतं, की ते आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. सोपी रीत म्हणजे सीलबंद १ लिटरची बाटली अख्खी टोपात ओता, पाकीट पूर्ण टाका, विरघळू द्या आणि परत बाटलीत भरा. वरून साखर किंवा सरबत घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर ते धोक्याचं आहे. ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं यासाठी चालत नाहीत. त्यांच्या लेबलवर ‘ओआरएस’ लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये मनाई केली.

उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं काहीही देऊ नका. मग दर दोन मिनिटांनी एक चहाचा चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण तासाला १५० मिली पोटात राहतं. तहान लागली म्हणून गटागटा प्यायलं, की सगळं बाहेर येतं. तासभर टिकलं तर घोट वाढवा, आणि प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर द्या. खायला मऊ भात, ताक, केळं. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी ताप असेल किंवा शौचात रक्त पडत असेल तर अजिबात देऊ नका.

दुसरा आजारी पडला तर गाडी चालवायला कुणीच उरणार नाही, म्हणून एका बाटलीनं पिणं तिथल्या तिथे बंद. आजारी माणसानं स्वयंपाकाला हात लावायचा नाही. हात साबणानंच धुवा. जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. धरणाचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळा. रात्र तंबूत काढावीच लागली तर आजाऱ्याला चेनच्या बाजूला झोपवा. चप्पल, टॉर्च आणि पिशवी लावलेली बादली हाताशी ठेवा.

एक चूक मात्र जीव घेते. आजाऱ्याला हुडहुडी भरते, आणि मायेपोटी दुसरा कोळशाची शेगडी तंबूत आणतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. विझत आलेली शेगडीसुद्धा आत नको. थंडीसाठी दोन चादरी, कानटोपी आणि गरम पाण्याची घट्ट बंद केलेली बाटली मोज्यात घालून द्या.

तापावर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत निदान सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेही मोजा. डेंग्यूची शक्यता असताना आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक टाळा, रक्तस्राव वाढू शकतो.

दुपारचे चार वाजायची वाट कधी पाहायची नाही? सहा-आठ तास लघवी नाही, शौचात किंवा उलटीत रक्त, असंबद्ध बोलणं, धाप लागणं, छातीत किंवा पोटात सतत तीव्र दुखणं, उभं राहताच अंधारी येणं. गरोदर, मधुमेही किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी आणखी लवकर निघावं. विंचू चावल्यावर घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसले तर एक मिनिटही घालवू नका. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरून जीव वाचवता येतात हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडमध्ये दाखवून दिलं. साप चावला तर अवयव हलू देऊ नका, वर दोरी आवळू नका, चीर देऊ नका. सरकारी रुग्णालय गाठा.

अशा वेळी मन घराकडे ओढतं. पण भंडारदऱ्याहून मुंबई सुमारे १७० किमी आहे, घोटी ३५ किमीच्या आसपास, आणि घोटीपासून नाशिक जवळजवळ तेवढंच. रविवारी संध्याकाळी भिवंडी-माजिवड्याच्या रांगेत सलाईन मिळत नाही. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किमीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यानं घाट टळतो, पण तिथे इंटरचेंजशिवाय खाली उतरता येत नाही. म्हणून आधी घोटी किंवा नाशिकला डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सोडलं तर मुंबई. आजाऱ्याला पुढच्या सीटवर पाठ थोडी मागे करून, बेल्ट लावून बसवा. ग्लानी असेल तर स्वतः नेण्याच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३. जागा सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या दिशेची लेन हे दोन्ही सांगा. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडी गावाकडे मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या.

घरी आल्यावर महिन्याभरात ताप आला, तर किती दिवसांपूर्वी, कुठे मुक्काम होता, चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरला होतात का, पायाला जखम होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस कधीकधी तीस दिवसांनीही डोकं वर काढतो, आणि ही माहिती दिल्याशिवाय तो साध्या तापासारखाच दिसतो.