पुण्यात मेस लावताय? या चुका टाळा

जूनच्या शेवटी माझा फोन वाजायला लागतो. परभणीकडचा कुणाचा तरी मुलगा एस. पी. कॉलेजला लागलेला असतो, कुणाची मुलगी एमपीएससीच्या तयारीसाठी नवी पेठेत आलेली असते. खोली मिळालेली असते आणि प्रश्न एकच असतो, "मामा, जेवायला चांगलं कुठे मिळेल?" मी कुठल्याही मेसचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, "पैसे भरलेस का?" उत्तर बहुतेक वेळा "हो, कालच भरले" असं येतं. मग सप्टेंबरात त्याच मुलाचा पुन्हा फोन येतो आणि आवाज उतरलेला असतो.

मी २००५ पासून सहा वर्षं पुण्यात मेसवर जेवलो. त्या वर्षांत ज्या चुका केल्या आणि पाहिल्या, त्याच आजची मुलं करतात. त्यांची मला खरंच काळजी वाटते, म्हणून हे लिहितोय.

बाबांची गाडी सुटायच्या आत मेस लावून टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आई-वडील मुलाला सोडायला येतात, गादी, बादली, टेबलफॅन घेऊन होतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने त्यांना परतायचं असतं. पोराच्या जेवणाची सोय झालेली पाहूनच निघायचं, असं त्यांना वाटतं. त्यात गैर काही नाही. पण त्या घाईत खोलीपासून सगळ्यात जवळची मेस लागते आणि तीही जूनच्या शेवटी. त्या दिवसांत प्रत्येक मेसच्या ताटात दोन भाज्या, कोशिंबीर, पापड, ताक असं सगळं असतं, कारण तो गिऱ्हाईक जोडायचा हंगाम असतो.

आमचंही असंच झालं. २००५ च्या जूनअखेरीस बाबा आणि मी सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये जेवलो. पातळ पोळ्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, शेवटी ताक. बाबांना ताक फार आवडलं. महिन्याचे तेराशे रुपये होते, पण तीन महिन्यांचे एकदम भरले तर तीनशे कमी. बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशातून छत्तीसशे रुपये काढून दिले. मेसवाल्या काकांनी एक पिवळं कार्ड दिलं, त्यावर शिक्का मारला. पावती नाही, पत्ता नाही.

पहिला पंधरवडा छान गेला. जुलै सरता सरता कोशिंबिरीच्या जागी कांद्याच्या दोन चकत्या आल्या. ऑगस्टमध्ये आठवड्यातून चार दिवस बटाटा आणि साडेआठनंतर गेलं की वरणात नुसतं पाणी. मी पोळ्याला चार दिवस गावी गेलो आणि जाताना काकांना तोंडी सांगून गेलो. परत आल्यावर कळलं की खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, धरलेच नाहीत. "सलग तीन दिवस असले तरी आदल्या दिवशी कार्डावर लिहून घ्यावं लागतं," असं ते म्हणाले. हा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गणपतीत निम्मी मुलं गावी गेली आणि मेस पाच दिवस बंद राहिली. अनंत चतुर्दशीनंतर गेलो तर दाराला कुलूप. आम्ही पंधरा-वीस मुलं हातात पिवळी कार्डं घेऊन त्या जिन्यात उभे होतो. काका परत आले नाहीत.

माझे तेरा दिवस उरले होते. पुन्हा पैसे मागायची लाज वाटली, म्हणून ते दिवस मी सकाळी पोहे आणि रात्री बन-मस्का खाऊन काढले. तीनशे रुपये वाचले म्हणून बाबा किती समाधानाने गाडीत बसले होते, ते मला अजून आठवतं.

आता मी काय सांगतो ते ऐका. पहिले आठ-दहा दिवस कुठेच मेस लावू नका. सुटं ताट किंवा गेस्टचं कूपन घेऊन रोज वेगळ्या ठिकाणी जेवा. थोडे पैसे जास्त जातील, ते प्रवेशाच्या खर्चातच धरा. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांना ते परिस्थितीमुळे करावं लागायचं. पण सात दिवस सात स्वयंपाकघरांत जेवलं की अन्न ओळखता येतं, हे खरं आहे. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच वार लावायला सांगतो.

कोणत्या वेळी जायचं, यालाही महत्त्व आहे. मेस पारखायची तर मी सोमवारी रात्री सव्वानऊला जातो. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, असते, त्या संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात आणि सोमवारी सगळ्यांचे हात दमलेले असतात. त्यात शेवटच्या पंगतीला बसलं की खरं काय ते दिसतं. पोळी अजून तव्यावरून येते आहे की सातला रचून ठेवलेल्या चळतीतली? वरण तेच आहे की पाणी घालून वाढवलेलं? काका-काकू स्वतः कुठे जेवतात? त्याच पातेल्यातलं घेत असतील तर माझं मन निम्मं तिथेच बसतं.

शेजारच्या ताटावरच्या मुलाला एकच विचारा, "किती महिने झाले इथे?" "चव कशी आहे" हे विचारू नका, त्याला तुम्ही परके आहात, तो "बरी आहे" म्हणेल. ऑक्टोबरात पाच जणांना विचारलं आणि पाचही जण याच महिन्यात लागलेले निघाले, तर जुनी मुलं सोडून गेली आहेत.

आणि पैसे पहिल्यांदा पंधरा दिवसांचेच भरा. नंतरही एका महिन्याच्या वर कधी नाही, कितीही सूट दिली तरी. खाड्याचा नियम, सुट्ट्या आणि दिवाळीत किती दिवस बंद, हे कार्डाच्या मागे त्यांच्याच हाताने लिहून घ्या. लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडे लावू नका.

चव बघायची आणि पाणी बघायचं नाही

दुसऱ्या वर्षी आम्हाला फार चविष्ट मेस मिळाली. कढी तर अशी की पोरं वाटीने प्यायची. जिन्याखाली निळा पिंप होता, आत शेवाळ धरलेलं, त्यातूनच टेबलावरच्या जगमध्ये पिण्याचं पाणी भरलं जायचं. आम्ही सगळ्यांनी तो पिंप पाहिला होता. कढी चांगली आहे म्हणून कुणी काही बोललं नाही.

ऑगस्टच्या शेवटी माझ्या खोलीतल्या मित्राला मळमळायला लागलं, जेवण नकोसं झालं आणि चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. कावीळ. पुढच्या तीन आठवड्यांत त्याच मेसमधली आणखी तिघं पडली. मित्र दीड महिना गावी होता, सत्र परीक्षा बुडाली. त्याची आई त्याला न्यायला आली तेव्हा तिने मला विचारलं, "तुम्ही कुठलं पाणी पीत होतात रे?" मला उत्तर देता आलं नाही.

ती कावीळ त्याच पिंपातून आली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिनेही जाऊ शकतात. तेवढ्यात माणूस वीस ठिकाणी खाऊन-पिऊन आलेला असतो. म्हणूनच "मी महिनाभर जेवतोय, मला काही झालं नाही" या बोलण्यावर विसंबू नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात, गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणूही सापडला. हा जिवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या-अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. इतकं होऊनही मुलं मेसमध्ये जाऊन फक्त भाजीचा रंग बघतात, याचं मला वाईट वाटतं.

माझी सवय साधी आहे. बसायच्या आधी हात धुवायला म्हणून मागच्या बाजूला जातो. भांडी वाहत्या पाण्याखाली विसळतात की एकाच टबात बुचकळून काढतात, फडकं कसं आहे, पाण्याच्या जगवर झाकण आहे का, एवढं पाहायला एक मिनिट लागतं. एकच टब सगळ्या ताटांना फिरत असेल तर मी तिथून परत फिरतो, मग वास कितीही छान येवो. पिण्याचं पाणी घरचं, उकळलेलं, बाटलीतून नेतो. पावसाळ्यात चिरून ठेवलेला कांदा-काकडी, ओली चटणी आणि बर्फ घातलेलं ताक बाहेर घेत नाही. भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ अंकी क्रमांक आहे का, तेही बघतो. तो असला म्हणून स्वयंपाकघर स्वच्छच असेल असं नाही, पण निदान त्या माणसाने सरकारदरबारी आपलं नाव-पत्ता दिलेला असतो. पिवळ्या कार्डानंतर मला त्याची किंमत कळली आहे.

एफसी रोडला जेवायची जागा समजणं

एफसी रोडवर, म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर, गुडलक कॅफे १९३५ पासून आहे. तिथे सकाळी चहा आणि बन-मस्का घेऊन बसण्यासारखं सुख नाही. वैशाली हॉटेलची एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) खाल्ल्याशिवाय पुण्यात राहिल्यासारखं वाटत नाही, रूपाली आणि वाडेश्वरही माझ्या आवडीचे. पण ही निकाल लागल्यावर, वाढदिवसाला, मित्र गावाहून आल्यावर जायची ठिकाणं आहेत. रोजचं जेवण तिथे शोधणारी मुलं वीस तारखेला रिकाम्या खिशाने मॅगी करत बसतात.

रील आणि रेटिंग बघून ठिकाण ठरवणं हीदेखील याच चुकीची बहीण. शनिवारी संध्याकाळी चार मित्रांबरोबर एकदा जेवलेल्या माणसाने दिलेले तारे ते. तुम्हाला महिन्याचे तीसही दिवस एकट्याने जेवायचं आहे, परीक्षेच्या आदल्या रात्रीही. पेठांतल्या कितीतरी चांगल्या मेसना साधी पाटीसुद्धा नाही. दुसऱ्या मजल्यावर एखादी काकू वीस-पंचवीस जणांचं करते आणि तेवढ्यांचंच करते. ते घर फोनवर सापडत नाही. अभ्यासिकेतल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारावं लागतं, झेरॉक्सवाल्याला विचारावं लागतं. मी तर किराणा दुकानदाराला विचारतो. कोणती मेस कुठलं तेल नेते, तांदूळ कसा नेते, उधारी किती थकलीय, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्याकडे दोनदा साबण-बिस्किटं घ्या, तिसऱ्यांदा तो आपणहून सांगेल. एवढा वेळ द्यायची तयारी हल्लीच्या मुलांत कमी दिसते. सगळ्यांना पाच मिनिटांत यादी हवी असते.

बाकीच्या चुका थोडक्यात

"अनलिमिटेड"वर भुलू नका. बऱ्याच ठिकाणी भात अनलिमिटेड असतो आणि चौथी पोळी यायला दहा मिनिटं लागतात.

चार मित्रांनी मिळून एकाच दिवशी एकच मेस लावू नका. ती बिघडली तर सगळे एकमेकांकडे बघत महिनाभर ओढतात. दोन जणांनी एकीकडे लावा, दोघांनी दुसरीकडे.

रविवार संध्याकाळची सोय शनिवारीच करून ठेवा.

पेठेतली जुनी ठिकाणं दुपारी बंद होतात. तीनला गेलात तर दार बंद दिसेल. त्यांच्या वेळा पाळा, भांडू नका.

डिलिव्हरी ॲप तापात पडल्यावर वापरायला ठेवा.

आणि आमटीत गूळ आहे म्हणून पहिल्याच दिवशी ताट सरकवू नका. आम्हा मराठवाड्याकडच्यांना आणि कोल्हापूरच्या पोरांना हे जड जातं, मला माहीत आहे. कोल्हापूरची मुलं नारायण पेठेत बेडेकरांकडे जातात आणि मिसळ गोडसर आहे, बरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड आहे म्हणून नाराज होतात. ती पुण्याची मिसळ आहे, तिची चव तिच्या जागी ठेवून खा. मेसमध्ये घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी, येसर मसाला किंवा ठेच्याची छोटी बाटली बरोबर न्या आणि जिभेला पंधरा दिवस द्या. स्वच्छ, ताजं पण गोडसर जेवण देणारी मेस सोडून झणझणीत रस्स्यासाठी घाण स्वयंपाकघरात गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

यंदा माझी भाची आली. तिने नऊ दिवस घेतले, सात ठिकाणी जेवली, दोन ठिकाणांहून भांडी धुण्याची जागा पाहून परतली. माझी ताई रोज रात्री फोन करून "अजून मेस लागली नाही का?" म्हणून मला रागवायची. दहाव्या दिवशी शनिपाराजवळच्या एका काकूंकडे तिने पंधरा दिवसांचे पैसे भरले आणि कार्डाचा फोटो मला पाठवला. मागच्या बाजूला काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं: खाडा आदल्या रात्री फोनवर कळवला तरी चालेल, दिवाळीत सहा दिवस बंद, पाणी उकळलेलं.