कमी किमतीचे वायरलेस ऑन-इअर हेडफोन कसे पारखावेत

ऑन-इअर हेडफोनचे कुशन कानाभोवती बसत नाही, ते थेट कानावर टेकते. दिसायला हा फरक किरकोळ वाटतो, पण या प्रकारच्या हेडफोनचे बहुतेक गुणदोष त्यातूनच निघतात. कुशन कानावर नीट टेकले नाही तर मधल्या फटीतून खर्जातले स्वर निसटतात, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपले गाणे शेजारच्याला ऐकू जाते. उलट ते फार घट्ट दाबले तर कानाची कूर्चा दुखू लागते. म्हणून आवाज कसा आहे हे ठरवण्याआधी हेडफोन आपल्या कानावर कसा बसतो हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्याने केलेली शिफारस या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही, कारण त्याचा कान आणि डोक्याचा घेर आपल्यासारखा असेलच असे नाही.

बसणे तपासायची एक सोपी रीत आहे. ओळखीचे गाणे लावावे आणि ते वाजत असताना दोन्ही कप तळहातांनी हलकेच कानाकडे दाबावेत. दाबल्याबरोबर खर्ज एकदम भरून आला आणि हात काढताच तो ओसरला, तर त्या हेडफोनची पकड आपल्या कानाला पुरेशी नाही असे समजावे. फरक अगदी थोडा जाणवला तर कुशन नीट टेकले आहे. त्यानंतर तो निदान तासभर सलग घालून बसावे, कारण पहिल्या पाच मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ वाटतात आणि खरा त्रास अर्ध्या तासानंतर सुरू होतो. चष्मा वापरणाऱ्यांनी ही चाचणी चष्म्यासहच करावी, कारण कुशनचा दाब चष्म्याच्या काडीवर येऊन कानामागे रुततो आणि काडीमुळे पडलेल्या फटीतून खर्जही कमी होतो. कानात दागिने घालणाऱ्यांनीही तसेच करावे. शेवटी खाली वाकून पाहावे, मान झटकन दोन्हीकडे वळवावी. हेडफोन घसरला तर चालता-फिरता तो सतत हाताने सावरावा लागेल.

खोक्यावरचे आकडे मात्र जपून वाचावेत. ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ ही माणसाच्या श्रवणाची ढोबळ मर्यादा आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे लिहिलेले नसेल, तर त्या ओळीतून काहीच कळत नाही. ड्रायव्हर, म्हणजे कपमधला आवाज काढणारा छोटा स्पीकर, 30 मिलिमीटरचा आहे की 40 मिलिमीटरचा, यावरूनही दर्जा ठरत नाही. ब्लूटूथच्या आवृत्तीचा क्रमांक मोठा म्हणजे आवाज चांगला, ही समजूतही चुकीची आहे. संगीताचा दर्जा कोडेकवर, म्हणजे आवाजाची माहिती आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीवर काही अंशी अवलंबून असतो आणि एसबीसी हा कोडेक अशा प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतोच. या किमतीच्या वर्गात कोडेकपेक्षा ड्रायव्हरची घडण आणि कुशनची पकड यांचा परिणाम कितीतरी अधिक जाणवतो, त्यामुळे केवळ एखाद्या कोडेकच्या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. अनेक वर्षे ऐकलेली, अंगवळणी पडलेली तीन-चार गाणी निवडावीत आणि फोनमधला ईक्वलायझर, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर कमी-जास्त करण्याची सोय, बंद ठेवावा. दोन हेडफोनांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण थोडा मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला हमखास अधिक चांगला वाटतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतून हे दिसले होते की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो तुलनेने जास्त भरतो. स्वस्त हेडफोनमध्ये खर्ज अनेकदा मुद्दाम फुगवलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत तो दमदार वाटतो आणि तासाभराने डोके जड करतो.

सर्वांत आधी माणसाचा आवाज ऐकावा, कारण आपला कान त्यातली चूक सर्वांत लवकर पकडतो. गायकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमत असेल, तर खर्जाच्या वरचा टप्पा गरजेपेक्षा जास्त उचललेला आहे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील, तर वरचा टप्पा तीव्र आहे. खर्जासाठी तबल्याचा डग्गा चांगली कसोटी आहे: डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड वर चढताना स्पष्ट ऐकू आली पाहिजे, तिचे नुसते ‘धप्’ होता कामा नये. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) सुरू केल्यावर गाणाऱ्याचा आवाज बरोबर मध्यभागी यायला हवा. तो एका बाजूला झुकला तर कुशन बसवून पुन्हा ऐकावे, आणि तरीही झुकला तर दोन ड्रायव्हरांमध्ये तफावत आहे. गाणे थांबवून शांत खोलीत कान द्यावा. हलकी खरखर सतत येत असेल तर शांत संगीत आणि ऑडिओबुक ऐकताना ती नक्की खटकेल.

‘नॉइज कॅन्सलेशन’ या शब्दांबाबत खास सावध राहावे. एएनसी म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात येणारा बाहेरचा गोंगाट कमी करणे. ईएनसी म्हणजे फोनवर बोलताना आपल्या माइकमधून पलीकडे जाणारा गोंगाट कमी करणे. स्वस्त हेडफोनच्या खोक्यावर अनेकदा दुसरे असते आणि घेणाऱ्याचा समज पहिल्याचा होतो. खरी एएनसी असली तरी ती पंख्याची किंवा इंजिनाची सलग घरघर कमी करते, माणसांच्या बोलण्यावर तिचा परिणाम थोडाच होतो, आणि ऑन-इअर कुशनच्या फटींमुळे तिची ताकद आणखी घटते. या वर्गात एएनसीपेक्षा चांगल्या कुशनला महत्त्व द्यावे.

फोनवर आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलायचे असेल तर माइक सुरू झाल्यावर संगीताचा दर्जा का पडतो हे समजून घ्यावे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये संगीत एका दिशेने जाते, पण संभाषणाच्या वेळी जोडणी दुहेरी होते आणि सेकंदाला आवाजाच्या 44,100 नमुन्यांऐवजी 16,000, जुन्या पद्धतीत तर 8,000 नमुनेच घेतले जातात. त्यामुळे लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच आवाज सपाट झाला, तर तो हेडफोनचा बिघाड समजू नये. माइकची परीक्षा मात्र स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करूनच घ्यावी, एकदा शांत खोलीत आणि एकदा पंख्याखाली.

व्हिडिओ पाहताना ओठ आणि आवाज जुळतात का, हेही पाहावे. ब्लूटूथवरून आवाज किंचित उशिरा पोहोचतो; बहुतेक व्हिडिओ ॲप ही दिरंगाई भरून काढतात, पण मोबाइलवरच्या खेळांमध्ये ती राहते. फोन आणि लॅपटॉप दोन्ही वापरणाऱ्यांना एकाच वेळी दोन उपकरणे जोडण्याची सोय रोज उपयोगी पडते.

आवाजाच्या पायऱ्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून ते आवर्जून सांगतो. काही स्वस्त हेडफोनांत सर्वांत खालची पायरीच रात्रीच्या शांततेत मोठी वाटते, आणि ‘कनेक्टेड’ सांगणारा आवाज कानठळ्या बसवणारा असून कमी करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा आहे, आणि पातळी 3 डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. ऑन-इअर हेडफोन बाहेरचा गोंगाट कमी अडवतो, त्यामुळे गर्दीत आपण नकळत आवाज वाढवतो. शांत खोलीत पुरेशी वाटणारी पायरी लक्षात ठेवावी आणि बाहेर पडल्यावर आपण तिच्या किती वर जातो ते पाहावे. हे अंतर फार मोठे असेल तर रोजच्या प्रवासासाठी तो हेडफोन योग्य नाही.

बॅटरीचे तास मध्यम आवाजावर मोजलेले असतात. त्यापेक्षा चार्जिंग नीट तपासावे: टाइप-सी पोर्ट असूनही काही स्वस्त उपकरणे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण त्या पोर्टमागचे आवश्यक रोधक (रेझिस्टर) वगळलेले असतात. 3.5 मिलिमीटरची केबल जोडून बॅटरी संपल्यावरही गाणे ऐकता आले तर उत्तमच. कुशनचे कृत्रिम चामडे घामाने कालांतराने सोलते, तेव्हा ते काढून नवे लावता येते का आणि त्या मापाचे सुटे कुशन मिळते का, हे घेण्यापूर्वीच पाहावे. बिजागरी आणि सरकपट्टी दहा-बारा वेळा उघडून-मिटून त्यांत खडखड किंवा ढिलेपणा येतो का ते तपासावे, आणि हे सर्व परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी उरकावे.